ग्रहणातल्या माळा

साथीच्या त्या वर्षांत टीव्हीवाल्यांनी मला सळो की पळो करून सोडलं होतं. मी तेव्हा विषाणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेची संचालक. म्हणजे प्रयोगशाळेत काय चाललंय ते दिल्लीला सांगायचं आणि दिल्लीत काय चाललंय त्याचा त्रास प्रयोगशाळेला होऊ द्यायचा नाही, असलं काम. त्यात ही पोरं-पोरी माईक घेऊन दारात उभी. विषाणूबद्दल दोन प्रश्न झाले की तिसरा ठरलेला असायचा, मॅडम, या क्षेत्रात यायची प्रेरणा तुम्हाला कुणाकडून मिळाली? मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. शाळेतले गुरुजन, गावातलं वाचनालय, आईवडिलांचे कष्ट. ऐकणाऱ्यांना बरं वाटायचं आणि माझं डोकं फिरायचं. आता निवृत्त झालेय, ज्यांच्यासाठी गप्प बसायचं ती माणसंही राहिली नाहीत, म्हणून एकदाचं लिहून टाकते. मला कुणीही प्रेरणा दिली नाही. मला राग आला होता. त्या रागावर मी पुढचं सगळं आयुष्य काढलं, आणि तो अजून उतरलेला नाही.

आमचा मळा सातपूरला, त्र्यंबक रस्त्यापासून जरा आत. अर्धी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि तिच्या बदल्यात दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एका कारखान्यात नोकरी लागली. उरलेल्या अर्ध्या जमिनीत मेथी, कोथिंबीर, वांगी आणि फुलं. बांधाच्या पलीकडे लेथ मशीनची घरघर, अलीकडे विहिरीवरच्या मोटारीची. शेवंतीच्या वाफ्यात उभं राहिलं तरी नाकात मशीनच्या तेलाचा वास. भोंगा झाला की दादा सायकल काढून कामावर जायचे आणि दुसरा भोंगा झाला की परत येऊन आडवे व्हायचे. त्या दोन भोंग्यांच्या मधे घरात काय घडतं, कोण कुणाला काय बोलतं, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. जेवायला सकाळी बाजरीची भाकरी, वर ठेचा आणि कच्चं तेल. संध्याकाळी, जी भाजी विकली गेली नाही ती. मेथी उरली तर मेथी, वांगी उरली तर वांगी, आणि तीसुद्धा किडकी. लोक आजही मला म्हणतात, तुमचं काय बाई, मळ्यातलं ताजं ताजं खाऊन वाढलात. डोंबलाचं ताजं. ताजं होतं ते सगळं टोपल्यात भरून बाजारात जायचं.

घर चालायचं ते ताराआत्याच्या तोंडावर. ही दादांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आली, आईबाप गेल्यावर हिनंच दादांना वाढवलं, मळा राखला, जमिनीच्या मोजणीला आलेल्या साहेबांशी भांडली. बैलासारखं काम करायची, हे मी नाकारत नाही. पण त्या कामाचा मोबदला ती रोज वसूल करायची आणि तो एकट्या माझ्या आईकडून. आईचं पाणी जास्त सांडतं, आईची भाकरी जाड, आई चालते हळू, आई बोलते कमी म्हणजे मनात काहीतरी असणार. आई खरोखरच कमी बोलायची. "बरं आक्का," एवढंच. मी शाळेतून आले की ओट्यावर दप्तर टाकायच्या आत मला कळायचं की आज आईनं काय केलं म्हणजे काय चुकलं. आत्या मला मात्र लाडानं वागवायची, मला गूळ द्यायची, वेणी घालायची. तो गूळ मी खायचे, आणि तरी मला ती आवडायची नाही.

आता ग्रहणाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं. माझा धाकटा भाऊ बाळू तेव्हा आईच्या पोटात होता. सूर्यग्रहण लागणार होतं आणि तेही ऐन दुपारी. ग्रहणात पोटुशी बाईनं काय काय करायचं नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही पाठ असायचं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, गाठ मारायची नाही, काही मुडपायचं नाही, अंधाऱ्या खोलीत सरळ पडून राहायचं. नाहीतर जे केलं त्याची खूण पोराच्या अंगावर उमटते. आत्यानं दुधात, लोणच्यात तुळशीची पानं टाकली, पाण्याचे हंडे झाकले, सगळं कसं रीतीप्रमाणं. पण नाशकात ग्रहण म्हणजे दुसरीही एक गोष्ट असते. ग्रहण सुटलं की अख्खी दुनिया रामकुंडावर अंघोळीला लोटते, आणि अंघोळ झाली की प्रत्येकाला देवाला घालायला माळ हवी. पंचवटीतल्या आमच्या व्यापाऱ्यानं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, जेवढ्या माळा होतील तेवढ्या आणा. शेवंती भरपूर होती आणि आईइतका झरझर हात कुणाचाच चालत नव्हता.

तेव्हा आत्यानं असा तोडगा काढला. आईला आतल्या खोलीत बसवलं, खिडकीला घोंगडी लावली, पुढ्यात फुलांची पाटी आणि भिजवलेल्या केळीच्या सालीचे दोरे ठेवले. म्हणाली, सूर्य काय तुला दिसत नाय न् तू सूर्याला दिसत नाय, मग कसलं ग्रहण. आई एकदा म्हणाली, आक्का, गाठी माराव्या लागत्यात. आत्या म्हणाली, फुलाची गाठ ती काय गाठ. आई उजवा पाय मुडपून, डाव्या पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून बसली आणि ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत माळा करत राहिली. मी शेजारी बसून फुलं हातात देत होते. बाहेर 'दे दान, सुटे गिराण' असा ओरडा सुरू झाला तेव्हा कुठे ती उठली. पाय बधिर झाला होता, भिंतीला धरून उभी राहिली.

बाळू जन्मला तो अगदी व्यवस्थित. गोरा, गुटगुटीत, हातपाय धड. दीड वर्षाचा झाला तसा साऱ्या मळ्यात धावायचा, वाफे तुडवायचा, विहिरीकडे गेला की आम्ही सगळ्या किंचाळायचो. ग्रहणाची कुणाला आठवणही राहिली नव्हती. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्याच्या त्या धावण्याची साक्ष द्यायला घरातलं एकही माणूस तयार नव्हतं.

दोन-अडीच वर्षांचा असताना त्याला ताप आला. दादा कामगार असल्यामुळे आम्हाला कामगारांचा सरकारी दवाखाना होता. तिथे नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, पुण्याकडच्या, तरुण, चष्म्याच्या. त्यांनी बाळूला नीट तपासलं, ताप उतरायची गोळी कुटून द्या म्हणाल्या, पाणी भरपूर पाजा, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा. आई दारापाशी घुटमळली. "बाई, सुई?" तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, "नको. तापात उगाच टोचायचं नसतं." आम्ही बाहेर पडलो तेव्हा बाकावरच्या बायका आईकडे कीव येऊन बघत होत्या. सुई न देणारी ती कसली डॉक्टर? खरं सांगायचं तर आमच्या भागात डॉक्टर या शब्दाचा अर्थच सुई असा होता. गोळी काय, वाण्याच्या दुकानातही मिळते.

घरी आत्याचा तिसराच सूर. तिला सुईही नको आणि गोळीही नको. अंगारा लावा, पोराला पडू द्या, येतो तसा उतरतो ताप. आईनं दिवसभर तेही केलं. दुसऱ्या दिवशी बाळूचं अंग तव्यासारखं तापलं आणि तो आईच्या मांडीवर नुसता कण्हायला लागला. आत्या बाजाराला गेली होती. आणि माझ्या आईनं, जिनं उभ्या जन्मात 'बरं आक्का'शिवाय शब्द काढला नव्हता, तिनं पोराला कडेवर घेतलं, मला म्हणाली चल, आणि ती सरळ गावातल्या डॉक्टरांकडे निघाली. आत्याला न विचारता. तिच्या आयुष्यातलं हे पहिलं बंड. मला तर तेव्हा तिचा असा अभिमान वाटला की काय सांगू. तिच्यामागून जवळजवळ पळत होते मी.

या डॉक्टरांचं नाव घेत नाही. त्यांना हातगुण होता. सकाळपासून दारात रांग, रांगेत शिफ्टवरून आलेले कामगार, बाया, पोरं. एका कोपऱ्यात स्टोव्हवर पातेलं उकळत असायचं, त्यात काचेच्या सिरिंज खुळखुळायच्या, आणि कंपाउंडर चिमट्यानं एकेक काढून द्यायचा. डॉक्टर कुणाला फार विचारायचे नाहीत. काय होतंय हे सांगायच्या आधीच माणूस बाही वर करायचा. आई आत गेली, म्हणाली, डॉक्टर, ताप हटत नाही, सुई द्या. त्यांनी बाळूच्या कपाळाला हात लावला, झालं एवढंच. पोर पाय झाडायला लागलं तसे ते म्हणाले, घट्ट धरा. आईनं त्याला पालथा मांडीवर घेतला, उजवा पाय दोन्ही हातांनी धरला, आणि डॉक्टरांनी उजव्या कुल्ल्यावर सुई दिली. दुसऱ्या दिवशी ताप तसाच, तेव्हा आई पुन्हा गेली आणि पुन्हा म्हणाली, अजून एक द्या, जोराची द्या. तीही उजवीकडेच.

मग ताप उतरला. आणि बाळूला उभा केला तर तो खाली बसला. पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. उजवा पाय नुसता लोंबत होता, ओल्या फडक्यासारखा. आईला वाटलं सुईनं दुखत असेल. तिनं मिठाच्या पाण्यानं शेकलं, तेल लावलं, पायाला हात लावला की पोर कळवळून रडायचं. हळूहळू रडणंही थांबलं, पाय मात्र हलला नाही. हातगुणवाल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, ताप पायात उतरलाय, नशिबाचा भाग असतो. पुढचा पेशंट. या सद्गृहस्थांच्या पंचाहत्तरीला मला नाशकात बोलावलं होतं, मोठ्या सभागृहात, माझ्या हस्ते त्यांना शाल. निमंत्रण घेऊन आलेला त्यांचा पुतण्या म्हणत होता, आमच्या काकांच्या दवाखान्यात तुम्ही लहानपणी यायच्या, तिथूनच तुम्हाला वैद्यकीय क्षेत्राची गोडी लागली म्हणे. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

पाय गेला म्हटल्यावर घरात कारण शोधायला सुरुवात झाली. आमच्यात रोग कधीच नुसता होत नाही, तो कुणीतरी केलेला असतो. आणि आत्याला ग्रहण आठवलं. सकाळी चहा पिता पिता तिनं एकदम कपाळावर हात मारला आणि म्हणाली, उजवाच पाय. ग्रहणात ही उजवा पाय मुडपून गाठी मारीत बसली व्हती. सुमनबाईंनी माझ्या भावाच्या वंशाचा पाय बांधला. सुमन म्हणजे आई. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल की अगं, ताप येईपर्यंत पोर मळाभर धावत होतं. कुणी म्हणालं नाही. दादांनी कप खाली ठेवला, म्हणाले, आक्का म्हणते तर असंल, आणि सायकल काढून निघून गेले. भोंगा झाला होता ना.

त्या दिवसापासून आईनं फुलांना हात लावायचा नाही असं ठरलं. भाजीच्या जुड्या बांधायच्या, भाजी माणसं खातात, ती चालते. फुलं देवाची, तिच्या हातची देवाला चालणार नाहीत. मळ्यात झेंडू फुलला होता, दसरा तोंडावर आला होता, अंगणभर बायका तोरणं करत बसायच्या, आणि ज्या बाईचा हात त्या सगळ्यांत चांगला ती गोठ्याच्या कडेला पाठ करून मेथी बांधायची. शेजारपाजारच्या येऊन बघून जायच्या. आई मान वर करायची नाही. मला सर्वांत जास्त चीड कशाची यायची, तर तिला ते पटलं होतं याची. मी एकदा म्हटलं, आई, असं काही नसतं गं. तर ती म्हणाली, पाय तर उजवाच ना गेला.

आणि एवढ्यावर आत्याचं समाधान झालं नाही. तिनं दादांना सांगितलं की दसरा झाला की सुमनला चांदवडला तिच्या भावाकडं धाडून द्या, कायमची. पोर हितंच राहील, मी सांभाळीन त्याला, हिच्या सावलीत तो पाय कधी उठायचा नाय. दादा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दादांनी 'नाही' न म्हणणं म्हणजे काय हे आम्हाला माहीत होतं. आईनं ऐकलं आणि त्या दिवसापासून ती बाळूला खाली ठेवेना. भाकरी करताना तो मांडीवर, भांडी घासताना पाठीला बांधलेला. माझा जीव तुटत होता, आणि मी आठवीतली पोरगी, मला कोण विचारतो. मला एकच सुचलं. त्या चष्म्याच्या डॉक्टरीणबाई शिकलेल्या आहेत, त्या सांगतील की ग्रहणानं काही होत नाही, आणि त्यांचं सरकारी तोंड आहे, दादांना ते ऐकावं लागेल. मी आईच्या मागे लागले. आत्या बाजाराला गेली तशा आम्ही दोघी बाळूला घेऊन दवाखान्यात गेलो.

बाईंनी बाळूला टेबलावर बसवलं. गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली, डावा पाय उडाला, उजवा ढिम्म. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "तापात सुई दिली होती का कुणी?" आईनं मान हलवली. "कुठल्या बाजूला?" आईनं उजवा कुल्ला दाखवला.  मग त्यांनी, आईला समजेल अशा साध्या भाषेत, सगळं सांगितलं. याला पोलिओ झालाय. विषाणू म्हणून एक असतो, डोळ्याला न दिसणारा, तो पाण्यातून, अन्नातून पोटात जातो. किती मुलांच्या पोटात जातो आणि थोडा ताप येऊन निघून जातो, कळतही नाही. पण तो अंगात असताना स्नायूत सुई टोचली तर तो त्या जागेवरून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत चढू शकतो, आणि ज्या पायाला टोचलं तोच पाय जातो. पुढे मी स्वतः हे शिकले, शिकवलं, त्याच्यावर लोकांशी भांडले. एकेका मुलाबद्दल छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही की सुई नसती तर पाय वाचलाच असता. बाईही तसं म्हणाल्या नाहीत. त्या शक्यता म्हणाल्या. पण आईला शक्यता हा शब्द कुठे माहीत होता?

मी तर आतून नाचत होते. मिळालं! ग्रहण नाही, गाठी नाहीत, विषाणू! तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि मला तो असा काही गोड लागला, कारण त्यानं माझी आई सुटत होती. रस्त्यानं मी बडबडत होते, आता घरी जाऊन दादांना सांगू, आत्याचं तोंड बंद होईल.  कारखान्याच्या भिंतीपाशी आलो, तिथे आई थांबली. बाळूला तिनं खांद्यावर घेतलं होतं आणि त्याच्या पाठीवरून तिचा हात नुसता फिरत होता.

"विमल, घरी यातलं काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "ग्रहणाचं मी सोसीन. ग्रहण देवाचं असतं. पण सुई मी मागितली. आक्का नको म्हणत होत्या, मी गेले. तो पाय झाडत होता आणि मी धरून ठेवला, या हातांनी. हे नाही सोसायचं मला. हे कुणी बोललं ना, तर मी विहीर जवळ करीन."

मी रस्त्यात उभी राहून रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. डॉक्टरांचा संताप, दादांचा, आत्याचा, आणि हो, आईचासुद्धा. म्हणजे खरं काय ते कळलं होतं आणि ते खरं तिला चांदवडच्या वाटेपेक्षाही वाईट होतं. आत्या म्हणाली असती, मी सांगत होते, पडू द्या पोराला. आणि त्या एका बाबतीत ती बया बरोबर होती! काही न कळता बरोबर होती. हे मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आजही होत नाही. पुढे संचालक असताना डॉक्टरांच्या एका बैठकीत मी गरज नसताना सुया टोचण्याबद्दल तावातावानं बोलत होते, तर एक ज्येष्ठ डॉक्टर हसून म्हणाले, मॅडम, आम्ही काय करणार, पेशंटच मागतात. मी त्यांना असं काही फैलावर घेतलं की बैठक मोडली. भांडखोर बाई म्हणून माझी ख्याती झाली ती तिथून. मागणाऱ्याला काय माहीत असतं, हे त्या माणसाला शिकवायला मला माझ्या आईचं उदाहरण देता आलं नाही.

घरी पोचलो तर अंगणात तोरणांचं काम चाललेलं, आत्या मधे बसलेली, चार-पाच शेजारणी, आणि दादा पहिल्या पाळीवरून येऊन ओट्यावर चहा पीत होते. दवाखान्यात गेल्याचं कुणीतरी आधीच कळवलं होतं. आत्यानं विचारलं, काय म्हणाली डॉक्टरीण. आणि आई, सगळ्यांच्या समोर, खाली बघत म्हणाली की ग्रहणाचंच असंल म्हणत्यात. आत्यानं शेजारणींकडे बघितलं. बघा, म्हणाली, शिकलेल्या बाईनं बी कबूल केलं. आता दसऱ्यापतुर तरी कशाला थांबायचं, उद्याच धाडून द्या हिला. दादा कपात बघत होते. आईनं बाळूला असं घट्ट धरलं की तो रडायला लागला.

मला बोलायला बंदी होती ती खऱ्याची. खोट्याची नव्हती. हे मला त्या क्षणी कसं सुचलं कोण जाणे, पण सुचलं, आणि मी सगळ्या बायकांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"आत्या, ग्रहणात आईला माळा करायला कुणी बसवलं होतं?" मी विचारलं. "ती म्हणाली होती, गाठी माराव्या लागतात. तू म्हणालीस, फुलाची गाठ ती काय गाठ. मी तिथंच होते, फुलं देत."

बायकांचे हात थांबले.  दादांनी पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, आक्का, खरं हाय का? मला वाटलं ती आता माझ्या थोबाडीत मारेल, पोरगी खोटं बोलते म्हणेल. तिला सहज म्हणता आलं असतं, दादांनी तिचंच ऐकलं असतं. पण ती बाई खोटं बोलणारी नव्हती. तिचा चेहरा बघता बघता राखेसारखा झाला. व्हय, ती म्हणाली, मीच बसवली. पंचवटीचा माल व्हता. मग ती उठली, पदर झटकला, आत गेली. चांदवडचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात फुलांच्या पाटीपाशी येऊन बसली आणि कुणी तिला अडवलं नाही. पुढे मी शिकायला कॉलेजात, मग पुण्याला गेले, विषाणूंच्या मागे लागले, आणि कितीतरी वाद घातले, पण तो पहिला वाद मी साफ चुकीच्या सिद्धांतावर जिंकले. मला तेव्हा फार आनंद झाला होता. का नाही व्हावा?

आत्यानं ते सगळं स्वतःवर घेतलं. चप्पल सोडली, ती कायमची. बाळूला कडेवर घेऊन शाळेत सोडायची, तो चांगला दांडगा झाला तरी. त्याच्या पायाला पट्ट्यांचा बूट मिळाला तेव्हा तो रोज तीच बांधायची, त्याचं लग्नही तिनंच जमवलं. मळ्याचा शेवटचा तुकडा विकायची वेळ आली तेव्हा अडून बसली आणि त्यातली थोडी जागा बाळूच्या रोपवाटिकेसाठी राखून घेतली. ती रोपवाटिका आज चांगली चालते. मला हे सगळं दिसत होतं आणि मला तिची दया आली नाही. थोडी आली असेल तर मी ती दाबून टाकली. आई गोठ्याच्या कडेला पाठ करून बसली होती ते मी विसरायला तयार नव्हते.

आत्या फार म्हातारी होऊन गेली. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, दुपारची वेळ होती. मी संचालक होऊन थोडेच दिवस झाले होते, वर्तमानपत्रात फोटो आला होता, तो बाळूनं कापून तिच्या खाटेजवळ लावला होता. आई खाटेच्या पायथ्याशी बसून मटार सोलत होती. या दोघी म्हाताऱ्या आता एकमेकींशिवाय जेवायच्याही नाहीत. आत्यानं माझा हात धरला. हाताला काही वजनच नव्हतं.

"विमल, तू एवढी शिकली," ती म्हणाली. "तुला सारं ठाव हाय. खरं सांग मला. ग्रहणानं पाय जातो का गं?"

आईचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, हातातल्या शेंगेकडे बघत राहिली. मी देशातल्या मोठमोठ्या सभांमधून ओरडून सांगत होते की रोगाला कारण असतं आणि ते शोधता येतं, लोकांच्या अज्ञानावर तुटून पडत होते, मंत्र्यांना गप्प करत होते. खाटेवर पडलेल्या त्या बाईला एका वाक्यात मोकळं करणं माझ्या हातात होतं. मग तिनं पुढचं विचारलंच असतं, मग कशानं गेला?

"जातो, आत्या," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले. आईचे हात पुन्हा चालायला लागले.